शस्त्र परवान्यांच्या नस्त्या पुन्हा उघडा : गृह विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच शस्त्र परवाने देणारे राज्यातील सर्व पोलिस आयुक्त व जिल्हाधिकारी

विषय : दिलेल्या शस्त्र परवान्यांची फेरतपासणी करून तिचा हिशेब लोकांसमोर मांडण्याबाबत

महोदय,

ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यातलं एक प्रकरण बाहेर आलं. एका कुख्यात गुंडाच्या भावाने शस्त्र परवाना मागितला होता, पुणे पोलिसांनी तो नाकारला, अर्जदार अपिलात मंत्रालयात गेला आणि गृह राज्यमंत्र्यांनी परवाना देण्याचा आदेश दिला. बोभाटा झाल्यावर पोलिसांनी सांगितलं की प्रत्यक्षात परवाना दिलेलाच नाही. राज्यमंत्र्यांचं म्हणणं असं की अर्जदार न्यायालयातून सुटलेला आहे, आदेश नियमात बसतो. वाहिन्यांवर धुरळा उडाला, राजीनाम्याची मागणी झाली, मग दिवाळी आली आणि सगळे फराळाला लागले.

कोण खरं, कोण खोटं, यात मला शिरायचं नाही. मला त्या एका परवान्याच्या मागे उभे असलेले बाकीचे दिसतात, ज्यांचा बोभाटा झालाच नाही. मी एका जिल्हाधिकारी कार्यालयातून निवृत्त झालेला अव्वल कारकून आहे. गृह शाखेत शस्त्र परवान्यांचं टेबल बरीच वर्षं माझ्याकडे होतं. त्या टेबलावरून जे दिसतं ते मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरून दिसत नाही, म्हणून हे पत्र. टपालाने पाठवलं असतं तर आवक क्रमांक पडून ते कुठल्यातरी कपाटात गेलं असतं. कपाटं मी पाहिलेली आहेत. म्हणून खुलं लिहितोय.

परवान्याची नस्ती कशी असते ते आधी सांगतो. वर अर्ज. खाली आधार, राहण्याचा पुरावा, आयकराची विवरणपत्रं, असेल तर सातबारा. शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याचा डॉक्टरी दाखला. मग पोलिस ठाण्याचा अहवाल, वरच्या अधिकाऱ्यांचे शेरे, अधीक्षकांचं पत्र. आणि परवाना कशासाठी हवा, या रकान्यात एक वाक्य : ‘अर्जदार हे प्रतिष्ठित व्यावसायिक असून त्यांना रात्री-अपरात्री रोख रकमेसह प्रवास करावा लागत असल्याने त्यांच्या जीवितास धोका आहे.’ हे वाक्य मला तोंडपाठ आहे, कारण वेगवेगळ्या तालुक्यांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या अर्जांत ते जवळपास जसंच्या तसं असायचं. भाजीवाल्याच्या हातगाडीवर क्यूआर कोड लागला तरी आमचे अर्जदार रोख रक्कम घेऊन रात्री-अपरात्री फिरतच राहिले. शेवटी शिफारसपत्रं. एकाने तर वाढदिवसाच्या जाहिरातीचं कात्रण जोडलं होतं, त्यावर मोठ्या अक्षरात ‘युवकांचे आशास्थान’. आशास्थानाला पिस्तूल कशाला लागतं, हे विचारायची कारकुनाला सोय नसते.

माझं म्हणणं एवढंच आहे : या नस्तीची जी काही छाननी होते ती परवाना देईपर्यंत होते. एकदा सही झाली की ती नस्ती मेली. ज्या धोक्यासाठी शस्त्र दिलं तो धोका अजून आहे का, तो माणूस तोच राहिला आहे का, शस्त्र कुठे असतं, कुणाच्या हाती लागतं, हे पुढे कुणी विचारत नाही. नूतनीकरणाच्या वेळी पोलिसांचा अहवाल येतो, नाही असं नाही. पण माझ्या टेबलावर आलेल्या बहुतेक अहवालांत ‘प्रतिकूल काही आढळून आले नाही’ याच्या पुढे ओळ गेलेली नसायची. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. म्हणजे तेवढी ओळ लिहायचा प्रसंगही आता पाच वर्षांनी येतो.

शस्त्रांवरची चर्चा आपल्याकडे निघाली की लोक लगेच अमेरिकेत पोचतात. तिथे १७९१ पासून शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेत आहे, त्यामुळे त्यांचं भांडण वेगळं आहे. आपल्याकडे तसा हक्क नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणात हे बोलून दाखवलं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवाना ही सरकारने कारण पाहून दिलेली परवानगी आहे. कलम १७ सांगतं की सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षिततेसाठी गरज वाटली तर परवाना निलंबित करा, रद्द करा. नवा कायदा नकोच आहे. आहे त्यातलं हे एक कलम वापरलं तरी अर्धं काम होईल.

ते वापरलं तर काय होतं, हे बीडने दाखवलं. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यांना गोळी घातली गेली नव्हती, पण त्या निमित्ताने जिल्ह्यातली दहशत चर्चेला आली, हवेत गोळीबार करणाऱ्यांचे व्हिडिओ फिरले आणि एकट्या बीड जिल्ह्यात १,२०० हून अधिक शस्त्र परवाने असल्याचं समोर आलं. त्यांतल्या अनेकांवर गुन्हे दाखल होते. मग पोलिसांनी प्रस्ताव पाठवले, जिल्हाधिकारी कार्यालयाने परवाने रद्द करायला सुरुवात केली. चांगलं झालं. पण मला विचारायचंय, ही नावं त्या आठवड्यात उपटली होती का? ते गुन्हे आधीपासून पोलिस ठाण्यांच्या नोंदवहीत होते आणि परवाने जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नोंदवहीत. दोन्ही कार्यालयांमध्ये चहा पिऊन येण्याइतकं अंतर असतं. एका सरपंचाचा जीव गेल्याशिवाय या दोन वह्या शेजारी ठेवाव्यात असं कुणाला वाटलं नाही. आणि बीडमध्ये ते झालं तसं उरलेल्या जिल्ह्यांत झालं का, हे आजही कुणी सांगत नाही.

दुसरी तक्रार मिरवण्याची, आणि ही मला सर्वांत जास्त लागलेली आहे.

२०१६ चे शस्त्र नियम स्पष्ट आहेत. सार्वजनिक जागी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर न्यायचं तर झाकून, म्यानात, स्वतःच्या ताब्यात. परजायचं नाही. लग्नात, मिरवणुकीत बार काढायचा नाही. काढला तर परवाना जाऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात भर घातली : जल्लोषात गोळी झाडून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता मोबाइल उघडा. कमरेला पिस्तूल लावून गाडीच्या बॉनेटवर बसलेला, मागे डायलॉग, खाली ‘भाऊ’, ‘दादा’, ‘किंग’. काहींच्या मागे शस्त्रधारी अंगरक्षक रांगेत. नियम यांच्यासाठी आहेत की नाहीत?

आमच्या पुतण्याच्या लग्नात वरातीच्या वेळी पाहुण्यांपैकी एकाने बार काढला. परवान्याचं पिस्तूल होतं. गोळी आकाशात गेली नाही, मंडपाच्या लोखंडी पाइपला लागून फिरली आणि बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या पोराच्या दंडात शिरली. पोरगं अठरा-एकोणीस वर्षांचं. पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही, कारण ढोल चालू होते आणि तो खाली बसला तेव्हा सगळ्यांना वाटलं दमला. पांढरा गणवेश, सोनेरी झालर, आणि बाही कोपरापर्यंत लाल व्हायला लागली तेव्हा बँडमास्तरने हात वर करून वाजवणं थांबवलं. शंभर मोबाइल चित्रण करत होते. तरी पोलिस ठाण्यात पहिली नोंद झाली ती ‘अज्ञात इसम’ अशी. कुणी गोळी झाडली ते मी पाहिलं होतं, मी नावानिशी लेखी जबाब दिला. घरातल्या काही जणांनी त्यावरून माझ्याशी बोलणं टाकलं, ते वेगळं. त्या जबाबाचं पुढे काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. दवाखान्याचा खर्च देऊन मिटवामिटवी झाली असं मात्र कळलं. पोराची बोटं पूर्ण वळत नाहीत. आता तो त्याच बँडच्या गाडीवर जनरेटर सांभाळतो. आणि बार काढणाऱ्याचा परवाना त्यानंतर नूतनीकरण होऊन आला. प्रतिकूल काही आढळून आलं नसणार.

तिसरी तक्रार अपिलाची. परवाना नाकारला तर अर्जदाराला दाद मागता आली पाहिजे, यात वाद नाही. आकसाने नाकारलेले परवानेही मी पाहिलेले आहेत. पण कायदा परवाना नाकारताना कारणं लेखी नोंदवायला सांगतो. तर मग ज्या पोलिसांनी माणूस जवळून पाहिलाय त्यांचा नकार फिरवताना मंत्रालयाने काय कारणं लिहिली, हे लोकांना का कळू नये? पुण्याचं प्रकरण बातमीमुळे कळलं. न कळलेले आदेश किती? ठाण्याचा अधिकारी प्रतिकूल अहवाल लिहितो तेव्हा तो स्थानिक पुढाऱ्याचा रोष पत्करत असतो. वरून एका सहीत त्याचा अहवाल केराच्या टोपलीत गेला की पुढच्या वेळी तो ‘हरकत नाही’ लिहून मोकळा होतो. मी त्याला दोष देणार नाही.

घरात ठेवलेल्या शस्त्रांबद्दल थोडक्यात. ८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची समाजमाध्यमावर थेट प्रक्षेपण चालू असताना हत्या झाली. मारणाऱ्याने वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होतं आणि तो परवाना उत्तर प्रदेशातला होता. त्याच्या सहाच दिवस आधी उल्हासनगरात, चक्क पोलिस ठाण्याच्या आत, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात गोळीबार झाला आणि त्यात तत्कालीन आमदार आरोपी आहेत. तिथेही पिस्तूल परवान्याचं. आणि मयत परवानाधारकांचं काय? वडील गेल्यावर जुन्या धोतरात गुंडाळलेली बंदूक घेऊन कचेरीत येणारी मुलं मी पाहिली आहेत. ती प्रामाणिक, म्हणून आली. जी आली नाहीत त्यांच्या माळ्यावरच्या बंदुका आज कुणाच्या नावावर आहेत ते विचारायला कुणीही गेलेलं नाही.

आता यावर आपल्या विभागाचं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे : खून परवान्याच्या पिस्तुलाने होत नाहीत, गावठी कट्ट्याने होतात. बहुतांशी खरं आहे. चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशात उमर्टी आहे, तिथल्या भट्ट्यांतून निघालेले कट्टे राज्यभर सापडतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तिथवर जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या, त्यांचं कौतुकच आहे. पण अनोळखी चोराच्या मागे सातपुडा पालथा घालायचा आणि ज्याचं नाव, पत्ता, फोटो, शस्त्राचा क्रमांक आपल्या संगणकात आहे त्याला विचारायचंही नाही, हे कसलं गणित? शिवाय कट्टा भट्टीत बनतो, काडतूस भट्टीत बनत नाही. ते बहुतेकदा कुठल्यातरी कारखान्यात बनतं आणि कुणाच्यातरी परवान्याच्या वाटेने बाहेर गळतं. परवानाधारकाने किती काडतुसं घेतली, किती उरली, उडवली तर कुठे उडवली, हे नूतनीकरणाला विचारा. बघा किती जण घाम पुसतात.

एका गटाची बाजूही इथेच मांडतो, नाहीतर या पत्राचा उलटा अर्थ काढून भलत्यांवरच बडगा उगारला जाईल. कोकणातल्या शेतकऱ्याची ठासणीची किंवा काडतुशी बंदूक आणि शहरातल्या ‘भाऊं’चं पिस्तूल ही एका मापाने मोजायची गोष्ट नाही. डुक्कर, वानर यांनी नारळ-केळी-भात राखू दिलं नाही म्हणून शेतीरक्षणाचा परवाना आहे, कायद्याने त्याची वेगळी सोय केलेली आहे. दर निवडणुकीला या शेतकऱ्यांच्या बंदुका सरसकट जमा होतात, हंगाम जातो आणि बंदूक परत घ्यायला हेलपाटे घालावे लागतात. वास्तविक कुणाची बंदूक जमा करायची हे प्रकरणागणिक तपासून ठरवण्यासाठी छाननी समिती असते. ती शेतकऱ्याच्या वाट्याला क्वचित येते. सूट मागणारे अर्ज पिस्तूलवाल्यांचे, आणि तेही वकिलामार्फत. बँकेच्या रोकड गाडीवर बारा बोअर घेऊन उभा राहणारा रखवालदार हाही असाच पोटासाठी परवाना बाळगणारा माणूस आहे. त्याच्या शस्त्राची नोंद राज्यात आहे का, हे जरूर पाहा, पण त्याला पिळू नका.

ज्याला खरोखर धमक्या येतात त्याचाही विचार करा. वाळूचा डंपर अडवणारा तलाठी, कोर्टात साक्ष द्यायला निघालेला माणूस, माहिती अधिकारात कागद मागणारा कार्यकर्ता. यांना पिस्तूल देऊन काही होत नाही. फोन केल्यावर दहा मिनिटांत पोलिस आले तर होतं. ऑस्ट्रेलियात १९९६ साली पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली, तेव्हा केंद्र आणि राज्यांनी दोन आठवड्यांच्या आत एकत्र बसून करार केला. सहा लाखांहून अधिक बंदुका सरकारने विकत घेऊन नष्ट केल्या आणि स्वसंरक्षण हे बंदूक बाळगण्याचं कारण म्हणून धरायचंच नाही असं ठरवलं. एवढं टोक मी मागत नाही. पण ज्या राज्यात ‘जीवितास धोका आहे’ या वाक्यावर पिस्तुलं वाटली जातात, तिथे त्या धोक्याचा पुरावा निदान एकदा तरी तपासून बघा.

तेव्हा मागण्या.

स्वसंरक्षणासाठी दिलेला राज्यातला प्रत्येक परवाना सहा महिन्यांत पुन्हा तपासावा. धोका कुणापासून, त्याची तक्रार कधी नोंदली, आज तो उरला आहे का, याची उत्तरं नस्तीत लेखी यावीत. ज्यांच्यावर मारहाण, खंडणी, दहशत किंवा शस्त्राचे गुन्हे दाखल आहेत त्यांचे परवाने निकाल लागेपर्यंत कलम १७ खाली निलंबित करावेत आणि शस्त्र जमा करून घ्यावं. मग तो कुणाचाही कार्यकर्ता असो. शेतीरक्षणाचे परवाने या मोहिमेतून वेगळे काढावेत.

दर तीन महिन्यांनी तालुकावार आकडे प्रसिद्ध करावेत : किती परवाने, कोणत्या कारणासाठी, किती नवे, किती रद्द, किती धारकांवर गुन्हे. नाव-पत्ता नको, उगाच चोरांना बंदुका कुठे आहेत ते सांगायला नको. अपवाद लोकप्रतिनिधी आणि पक्षांचे पदाधिकारी यांचा. ते सार्वजनिक जीवनात आहेत, त्यांची नावं आम्हाला कळली पाहिजेत.

पोलिसांचा नकार फिरवून अपिलात मंजूर झालेला प्रत्येक आदेश, कारणांसह, सात दिवसांत संकेतस्थळावर टाकावा. मागच्या पाच वर्षांचेही टाकावेत.

लग्न, मिरवणूक, वाढदिवस, कुठेही बार निघाला किंवा शस्त्र परजलेलं दिसलं तर त्याच दिवशी शस्त्र ताब्यात आणि परवाना निलंबित, असा स्थायी आदेश सर्व ठाण्यांना जावा. ‘अज्ञात इसम’ लिहिण्याआधी ठाणे अंमलदाराने तिथल्या परवानाधारक पाहुण्यांची यादी करावी. चित्रण मागावं. मिटवामिटवी झाली म्हणून परवान्यावरची कारवाई थांबू नये, कारण परवाना त्या दोघांच्या भांडणातला नाही, तो सरकारने दिलेला आहे.

मयत परवानाधारक आणि परराज्यातल्या परवान्यांवर इथे वावरणारी शस्त्रं, या दोन याद्या प्रत्येक जिल्ह्याने करून घरोघर खातरजमा करावी. यादी करायला एक कारकून आणि एक महिना लागतो. मी हे टेबल सांभाळलेलं आहे, म्हणून सांगतो. मनुष्यबळ नाही असं उत्तर आलं तर माझ्यासारखे निवृत्त कारकून मानधनाशिवाय बसायला तयार होतील, मी पहिला.

या पत्राला मला उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये. फेरतपासणीचा आदेश निघाला तर तो संकेतस्थळावर दिसेलच. नाही निघाला तर अधिवेशनात हे प्रश्न विचारा, अशी विनंती मी माझ्या भागाच्या आमदारांना करणार आहे. त्यांच्याकडेही परवाना आहे, त्यामुळे विषय त्यांना समजावून सांगावा लागणार नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अव्वल कारकून

प्रत माहितीसाठी :
१. विरोधी पक्षांचे सर्व विधिमंडळ सदस्य
२. सर्व जिल्हाधिकारी कार्यालयांतील गृह शाखा (टेबलावरच्या माणसाने वाचून मग नस्तीला लावावे)